गुंगीपुरती सोबत

"तुमच्याबरोबर कोण आलंय?" नर्सनं विचारलं, आणि अवनीचा चेहरा उतरला.

कुणीच नव्हतं. सांगलीहून नोकरीसाठी मैसूरला आलेल्या अवनीनं आईला आपल्या पाठदुखीचं खरं कधी सांगितलंच नव्हतं. सोबत येणारी मैत्रीण ऐनवेळी तापानं आडवी झाली होती. मणक्यातलं इंजेक्शन नुसती जागा बधिर करूनही देता येतं, डॉक्टर म्हणाले होते. पण सुईची तिला भारी धास्ती, म्हणून हलकी गुंगी द्यायचं ठरलं. आणि गुंगी घेतलेल्याला एकटं घरी सोडत नाहीत.

"मी आहे की," शेजारच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं.

तो भुवन. मैसूरच्याच मंडी मोहल्ल्यातला, घरी मराठी बोलणारा. वडिलांना, येसाजीरावांना, त्याच इंजेक्शनासाठी घेऊन आलेला. त्यानं कानडीत बोलून नर्सला पटवलं, फॉर्मवर सही केली. तुमचा सगळा दिवस मोडेल, अवनी अवघडून म्हणाली.

"मोडूदे. अप्पांचं झाल्यावरबी आम्ही सुम्ने, काही काम नसताना बसणारच... तुमच्यासाठी बसलो म्हणून सांगता येईल."

त्याचं ते कानडीत भिजलेलं मराठी ऐकून ती भीतीतही हसली.

टेबलावर पालथं झोपल्यावर पाठीवर गार औषध फिरलं. शिरेतून काहीतरी आत सरकलं... आणि नवल असं, की भीती गेली नाही, नुसती उठून लांब जाऊन बसली. पायात कळ आली तर सांगा, डॉक्टर म्हणत होते. आणि ती नीट उत्तरं देत होती — स्वतःचाच आवाज दुसऱ्या कुणाचा असावा तसा ऐकत.

पुरतं भान आलं तेव्हा भुवन समोर होता. तिची पर्स मांडीवर दोन्ही हातांनी धरलेली. 'मला नको ती गुंगी' म्हणून मिरवलेले येसाजीराव शेजारी चक्क घोरत होते. तीन तास उलटले होते. कोण कुठला हा माणूस... ती बघतच राहिली.

रिक्षानं त्यानं तिला घरी पोचवलं. मग रोज संध्याकाळी चौकशीचा फोन. आठवड्याभरात दुखणं ओसरलं. फोन ओसरले नाहीत.

दीड महिन्यानं, इंजेक्शनाआधी आठ महिने खुर्चीत दहा मिनिटं न टिकलेली अवनी मैसूरजवळच्या नंजनगूडच्या गाडीत पाऊण तास बसून गेली. केळीच्या बागा मागे पडत होत्या आणि ती श्वास रोखून कळेची वाट बघत होती. कळ आलीच नाही.

नंजनगूडच्याच कारखान्यात कामाला असलेला भुवन पाळी संपवून फलाटावर परतीच्या गाडीसाठी उभा होता. तिला उतरताना बघून तो धावत आला.

"तुम्ही? इकडं काय काम?"

"काम नाही. बसता येतं का, बघायचं होतं."

"मग... बघितलं?"

"बघितलं. आता तुझ्याशेजारी बसायचंय, भुवन."

'तुझ्या' ऐकताच त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यानं विचारलं, "किती वेळ?"

"डॉक्टर म्हणालेत, कितीही."

भुवन फलाटावरच्या बाकावर बसला, ती शेजारी. पुसून घेतलेला हात त्यानं हळूच पुढं केला. मैसूरची गाडी समोरून निघून गेली, तरी दोघांना उठायचं सुचलं नाही.