लांब स्टड घेणारा मनमाडवाला

नट-बोल्ट घ्यायला आलेला माणूस आधी फळीवरच्या मालाकडे बघतो. हा आला तो थेट काउंटरमागच्या रोहिणीच्या हातांकडे बघत, आणि तिथंच तिच्या मनात पाल चुकचुकली.

सातपूरच्या कारखान्यांत शिफ्ट सुटत होती. बसगाड्या, मोटारसायकली, धुरळा... आणि त्यातून वाट काढत हा उंचेला, इस्त्रीच्या शर्टातला पोरगा दुकानाच्या पायरीवर उभा. गाडीला मागं अलॉयची नवी चाकं लावायचीत म्हणाला. चाकं जरा ऐटीत बाहेर दिसावीत म्हणून आत स्पेसरच्या चकत्याही टाकायच्यात. तेव्हा चाक ज्यांच्यावर बसतं ते बोल्ट, म्हणजे स्टड, आता लांब हवेत.

"सगळ्यात लांब असतील ते द्या."

"स्पेसर किती जाडीचा?"

"जाडच आहे."

"जाड म्हणजे? बिस्किटाएवढा की भाकरीएवढा?"

तो हसला. हसला की डाव्या गालावर खळी पडत होती. रोहिणीनं ती बघितली, आणि बघितली नाही असं तोंड केलं. जाडी मोजल्याशिवाय स्टड घेऊ नये, असं तिनं त्याला बजावून सांगितलं. त्यावर तो म्हणाला, लांब असला तर बिघडतं कुठं. आमच्याकडे बोल्टाचं टोक नटाबाहेर दिसलं की काम पक्कं समजतात.

"तुमचे नट उघडे आहेत की टोपीचे? एका बाजूनं बंद असतात ते?"

"उघडेच," तो ठासून म्हणाला.

मग त्यानं पेटीतला एक स्टड उचलला, आट्यांवर फुंकर मारली, आणि दोन बोटांनी नट असा सर्रकन चढवला की रोहिणी बघतच राहिली. ही काही हौशी पोराची बोटं नव्हती. ज्याचा हात इतका मुरलेला, त्याला स्पेसरची जाडी सांगता येऊ नये? हा गिऱ्हाईक नव्हे. मग कोण?

तिच्या संशयाला कारण होतं. गेल्या वर्षी सिन्नरचे पाहुणे तिला बघायला आले, पोटभर पोहे चापून गेले, आणि मागून निरोप धाडला की मुलगी चांगली आहे, पण नखांत ग्रीस दिसतं. त्याच ग्रीसवर हे दुकान उभं होतं. आईमागं तिला वाढवणारी लंकाआत्या त्या दिवशी जेवली नाही. रोहिणी मात्र जेवली, आणि जेवता जेवता सांगून टाकलं की यापुढं पोह्यांचा ट्रे घेऊन मी कुणापुढंही यायची नाही. मध्यंतरी मनमाडचं एक स्थळ आलं होतं, रेल्वेच्या कारखान्यातला फिटर. आत्यानं त्यांनाही तसंच कळवलं.

हा स्टड घेऊन गेला. रोहिणीनं नखं दोनदा साबणानं घासली, आणि मग स्वतःवरच चिडली.

आठवड्यानं स्वारी पुन्हा हजर. आज आत्याही दुकानात होती, डबा सोडून बसलेली. गाडी मागून कट्-कट् वाजते, अशी त्याची तक्रार.

"वेग घेतला की वाजते, का आमचं दुकान जवळ आलं की?" रोहिणीनं विचारलं.

"गाडी वेग घेतला की वाजते," तो म्हणाला. "दुकान जवळ आलं की... दुसरंच काहीतरी वाजतं."

आत्याला ठसका लागला. रोहिणीच्या कानाच्या पाळ्या तापल्या, पण आवाज तिनं थंड ठेवला.

"गाव कुठलं तुमचं?"

"मनमाड."

"आणि काम?"

तो घुटमळला. काउंटरवरचा वॉशर उगाच बोटानं फिरवत राहिला.

"रेल्वेत... फिटर आहे. संघर्ष माझं नाव."

रोहिणीनं ड्रॉवर असा बंद केला की आतले नट खळखळले. म्हणजे तेच स्थळ. समोर येऊन बघायला बंदी घातली, तर गिऱ्हाईक बनून चोरून बघायला आले. माल उलथापालथा करून बघावा तसे. तो काहीतरी सांगायला गेला, पण तिनं ऐकून घेतलं नाही.

"नखं बघून झाली असतील तर पायरी उतरा."

तो मुकाट्यानं उतरला. गाडी सुरू झाली, हलली, आणि रोहिणीला ऐकू आलं. कट्... कट्... कट्. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एक. आवाज खोटा नव्हता. चाक सैल होतं, आणि हा असाच मनमाडपर्यंत हायवेनं जाणार होता.

जाऊ दे मेल्याला, असं मन म्हणालं. पाय तोवर रस्त्यावर पोचले होते. तिनं धावत जाऊन बॉनेटवर थाप मारली.

"उतरा. आहे तिथं उतरा."

जॅक लावून तिनं मागचं चाक वर घेतलं आणि वर-खाली धरून हलवलं. चाक खुळखुळ्यासारखं डुलत होतं. संघर्षचा चेहरा उतरला. नट तर स्वतःच्या हातानं करकचून आवळले होते, म्हणाला. ते खरंच होतं. आवळायला पाना लावला तर एकही नट पुढं सरकेना. पण ते नट चकचकीत होते आणि टोपीचे होते.

"उघडे म्हणाला होतात."

"नट म्हणजे उघडाच, असं धरून चाललो," तो हळू म्हणाला. "रेल्वेत टोपीचा नट कधी हातात आलाच नाही. हे अलॉयसोबत आले, छान दिसले, चढवले."

रोहिणीनं एक नट काढला. आत्याच्या डब्यातल्या चपातीचा तुकडा तोडून टोपीच्या तळाशी दाबला, नट पुन्हा आवळला आणि काढून त्याच्यापुढं धरला. चपातीचा पार कागद झाला होता.

"स्टडचं टोक टोपीला जाऊन टेकतं, म्हणून पाना अडतो. हाताला वाटतं घट्ट झालं. चाकाला मात्र नट शिवतच नाही." मग तिनं त्या डुलणाऱ्या चाकावर हात ठेवला. "रस्त्यात निघालं असतं हे."

तो त्या चपातीकडं बघत होता. मग त्यानं मान वर केली.

"मला कुणी पाठवलं नव्हतं. पोह्यांचा ट्रे नाही म्हणणारी मुलगी आहे तरी कशी, ते बघायला मीच आलो होतो. चोरून आलो, ते चुकलंच. स्पेसरची जाडीही माहीत होती. सांगितली असती तर तुम्ही झटकन माल बांधून दिला असता, आणि मला निघावं लागलं असतं."

"आणि आजचा आवाज?"

"तो खरा होता. पण मनमाडातही गॅरेज आहेत..."

त्यानं आपला हात पुढं केला. नखांच्या कडांना तिच्यासारखीच काळी रेघ होती, घासून न जाणारी.

रोहिणीनं चाक उतरवलं. आतून मोजपट्टी आणून स्पेसरची जाडी मोजली. जुना स्टड होता त्यापेक्षा स्पेसरच्या जाडीइतकाच लांब घ्यायचा, तिनं सांगितलं. स्टड जितका जाड, निदान तितके आटे नटात शिरले पाहिजेत, आणि टोक मात्र टोपीला टेकता कामा नये. मग दोघांनी मिळून, स्टड ज्यांत रोवलेले असतात ते हब उघडले. लांब स्टड ठोकून काढले, बेताचे दाबून बसवले. तिनं हात पुढं केला की पाना न मागता हातात येत होता. एकदा बोटांना बोटं लागली... कुणीच घाई केली नाही. दुकानातून आत्या सगळं बघत होती आणि आपण डबा घासतोय असं दाखवत होती.

शेवटी रोहिणीनं चाक धरून हलवलं. जराही हललं नाही. तिनं पुन्हा हलवलं.

"अजून संशय आहे?" त्यानं विचारलं.

"नवे स्टड आहेत. शंभरएक किलोमीटर चालले की सगळे नट परत एकदा आवळावे लागतात."

"म्हणजे साधारण मनमाड आलं की. आवळीन मी."

"तुमच्यावर सोडायचं? उघडे म्हणून टोपीचे लावणाऱ्यावर?" तिनं फडक्याला हात पुसले. नखं तशीच काळी राहिली, तिनं ती लपवली नाहीत. "रविवारी आत्याला घेऊन मी येते. पाना माझा मी आणीन."

तो गोंधळला. म्हणजे... बघायला? असं त्यानं अडखळत विचारलं.

"चोरून नाही, सांगून येतेय," रोहिणी म्हणाली. "पोहे तुम्ही करायचे. आणि ट्रे घेऊन समोर यायचं."