सुभेदाराची भाकरी

"आबा, थांबा की! तिला आत येऊ द्या!"

दिपाली बारवेच्या पायऱ्यांवरनं ओरडली, पण तिच्या आबांनी, संपतरावांनी, फाटक लावलंसुद्धा! बाहेर शिला उभी. हातात भाकरी.

"रोज भाकरी टाकून पाणी नासवलं हिनं, शेवाळ माजवलं! म्हणून मासे मरून राहिले. आता तांड्यावरच्या कुणी इकडं यायचं न्हाई!"

शिला रडलीसुद्धा नाही. तिला एकच घोर. तिची आज्जी रुख्मिणीबाई वर्षानुवर्षं इथल्या माशांना भाकरी घालायची. आता ती खाटेला खिळलेली. शिला घरी गेली की आज्जी विचारायची, "सुभेदारानं खाल्ली का गं?" सुभेदार म्हणजे फाटक्या शेपटीचा सगळ्यात थोरला मासा!

"भाकरी तर कवापासनं पडतीय. मग शेवाळ यंदाच काहून?" दिपाली म्हणाली आणि रुद्रला घेऊन खाली उतरली. रुद्र तिचा आतेभाऊ, रत्नागिरीहून दिवाळीच्या सुट्टीला आलेला.

पाणी हिरवंगार! दिपालीनं शेवाळ उपटलं आणि खालचा चिखल चाचपायला लागली.

"काय शोधतेस?"

"मूळ! हळदीला खत मुळाशीच देतो ना आमी. ह्याला कोण खत देऊन राहिलं बघते."

रुद्र खो खो हसला. "अगं हळदबाई! शेवाळाला मूळच नसतं! आमच्या समुद्रातलं शेवाळ खडकाला नुसतं चिकटून बसतं. खातं ते सगळ्या अंगानं, पाण्यातूनच ओढून! रात्री तर पाण्यातली हवासुद्धा ओढून घेतं!"

"म्हणजे जिथं पाण्यात खाणं जास्त, तिथं ते माजणार?"

"बरोबर!"

मग काय! दिपालीनं घरातल्या परकरांच्या पांढऱ्या नाड्या पळवल्या, दगड बांधले आणि बारवेच्या कडेकडेनं पाण्यात सोडल्या. फाटकाबाहेर पहाऱ्याला शिला! तिची भाकरी दिपालीच रोज गुपचूप शिलाच्या नेहमीच्या पायरीवरनं पाण्यात टाकायची. रोज सकाळी मेलेले मासे तरंगायचे. सुभेदार वर येऊन नुसता तोंड उघडायचा, मिटायचा.

काही दिवसांनी नाड्या ओढल्या. शिलाच्या पायरीपाशची जराशी हिरवट. वरच्या भिंतीखालची मात्र म्हशीच्या शेपटीएवढी जाड, लिबलिबीत! तिथंच भिंतीच्या फटीतनं पाणी झिरपत होतं.

दिपाली धावत वर गेली. झुडपात एक पाईप. पाईपच्या टोकाला ठिबकची खताची टाकी. टाकी धुतलेलं सगळं पाणी बारवेकडं!

टाकी आबांची होती.

"सांगायचं?" रुद्रनं हळूच विचारलं. फाटकापाशी शिला अजून भाकरी धरून उभी होती. दिपालीनं नाड्या उचलल्या आणि आबा बसले होते तो पार तडक गाठला.

"आबा, ही शिलाच्या पायरीची. ही तुमच्या टाकीखालची. तुमचं खत शेवाळानं खाल्लं, आन रातच्याला शेवाळानं पाण्यातली हवा! मासे गुदमरून मेले, आबा!"

आबांनी ती जाड नाडी बोटांनी चाचपली.

"शाबास, पोरी," ते म्हणाले. "पोरांनो, शाबास. मोठ्यांना दिसलं न्हाई ते तुमी पाहिलं. पाईप आत्ताच तोडतो. चला, फाटक उघडू."

फाटक उघडलं. शिला सगळ्यांच्या पुढं पळाली आणि पायरीवरच थबकली.

सुभेदार कुशीवर तरंगत होता.

"आज्जी विचारील," शिला म्हणाली. "काय सांगू तिला?"

आबांनी डोक्याचा रुमाल काढला.

"आण ती भाकरी इकडं, लेकरा. मी सांगतो."

आणि भाकरी दोन्ही हातांत धरून आबा तांड्याच्या वाटेला लागले.