तिसऱ्या रांगेतलं घड्याळ

रविवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी, कोपरीतल्या वाचनालयाच्या हॉलमध्ये, संचिताच्या चार ओळी चुकल्या.

पडद्यावर जुना युद्धपट चालू होता. नवे रंगरूट रांगेत उभे होते आणि कवायत शिकवणारा उस्ताद त्यांच्या तोंडावर ओरडत होता. खालच्या पांढऱ्या पट्टीवर मात्र मराठीत उमटलं – ‘आई, इथलं जेवण बरं आहे. काळजी करू नकोस.’

हॉल हसला. मोहने गावातल्या मैदानावर भरतीची तयारी करणारी सगळी बॅच आलेली; त्यांचे उस्ताद, माजी सुभेदार बाबुराव, मागून गरजले, “जैसे थे!” कवायतीत पाऊल चुकलं की हा हुकूम येतो – आधीच्या जागेवर परत या. संचिता चार ओळी मागे आली.

वाचनालयाची पद्धतच अशी. परदेशी सिनेमाचे संवाद कुणीतरी मराठीत लिहायचे आणि खेळ चालू असताना कान देऊन एकेक ओळ हाताने पुढे सरकवायची. या सिनेमाच्या अकराशे ओळी संचिताने लिहिल्या होत्या. त्यातला एकही शब्द ती विसरली नव्हती. ती फक्त तिसऱ्या रांगेकडे बघत होती.

तिथे महेंद्र बसला होता. शेजारी प्रीती. प्रीतीच्या मनगटावर महेंद्रचं काळं घड्याळ.

महेंद्रची ओळख दीड महिन्यापूर्वीची. कवायतीचे शब्द विचारायला संचिता मोहन्याला गेली, तेव्हा बाबुरावांनी धावून आलेल्या, घामाने निथळणाऱ्या एका मुलाकडे बोट दाखवलं. “याला विचारा. याची सैन्यात निवड झालीय.” पुढचे सहा रविवार तो वहीवर वाकून शब्द सांगत राहिला, आणि ती माहीत असलेलेसुद्धा विचारत राहिली. एकदा तिने घड्याळ बघायला मागितलं. तो म्हणाला, “हे मी कोणालाच देत नाही.” तिला ते आवडलं होतं…

मध्यंतरात सगळे वड्यांवर तुटून पडले. महेंद्र तिच्या टेबलापाशी आला.

“काय गं, आईचं पत्र उस्तादाच्या तोंडी?”

“झाली चूक.”

“तुझी? तू तर स्वल्पविरामावरून माझ्याशी भांडलेलीस.”

“शेजारची कोण?”

“प्रीती. आमच्या बॅचची. मंगळवारी तिची पोलीस भरतीची आठशे मीटर आहे.”

“आणि घड्याळ?”

“तिला वेळ मोजायला. तिचं बंद पडलंय.”

“कोणालाच देत नाहीस ना?”

“तुला कुठे धावायचं होतं?” तो हसला. “जळतेस का?”

“मी? हट्! मी आपली ओळी सरकवतेय.”

“चार चुकल्या.”

“मोजल्यास?”

“मी पडद्याकडे बघतच नव्हतो…”

संचिताने वही उघडली, मिटली. कानाच्या पाळ्या तापल्या होत्या.

“उद्या निघतो,” तो खालच्या आवाजात म्हणाला. “बेळगावला, ट्रेनिंगला. पहिले काही आठवडे फोन नाही मिळणार. मंगळवारी धावून झालं की प्रीती घड्याळ तुला आणून देईल. सुट्टीवर आलो की तुझ्याकडून घेईन.”

“माझ्याकडेच का?”

“विचार कर की. एवढ्या ओळी लिहितेस…”

तिला बरंच काही म्हणायचं होतं. ती म्हणाली, “ठीके.” दिवे मालवले. उत्तरार्धात एकही ओळ चुकली नाही. दोन रंगरूट चिखलात एकमेकांना ओढत नेत होते, बाबुराव नाक शिंकरत होते, आणि तिसऱ्या रांगेत प्रीती महेंद्रच्या कानाशी काहीतरी बोलली. तो हसला. काय बोलली, हे संचिताला आजही माहीत नाही.

सोमवारी संध्याकाळी महेंद्र गेला. बॅचने कल्याण स्टेशनवर काढलेला फोटो सिनेमासाठी केलेल्या ग्रुपवर आला. त्यात प्रीती त्याच्या अगदी लागून उभी होती. संचिताने तो मोठा करून पाहिला. नऊ वेळा.

मंगळवारी दुपारी पावणेबाराला प्रीतीचा मेसेज आला. ‘ताई, दोन मिनिटं एक्कावन्न सेकंद!! घड्याळ लकी आहे. लेखी परीक्षेपर्यंत ठेवू का?’

लेखी परीक्षेची तारीख अजून लागलेली नव्हती.

संचिताने लिहिलं, ‘अभिनंदन. ठेव ना.’ पुसलं. ‘त्याला विचारून सांगते,’ लिहिलं. तेही पुसलं, विचारायला त्याचा फोन कुठे चालू होता? मग तिने एका दमात लिहिलं, ‘नको. ते त्याने माझ्यासाठी ठेवलंय. मला तो आवडतो. संध्याकाळी सहाला वाचनालयात आणून दे.’

पाठवल्यावर तिच्या लक्षात आलं – जे त्याला सांगायचं होतं, ते तिने प्रीतीला सांगितलं होतं.

निळ्या खुणा लगेच उमटल्या. उत्तर यायला वीस मिनिटं लागली.

‘घड्याळाचं मला तो वेगळंच काहीतरी म्हणालेला, ताई. आल्यावर बोलू.’

सहा वाजून दहा मिनिटांनी प्रीती वाचनालयाच्या पायऱ्या चढून आली. गुडघा खरचटलेला, हातात पेढ्यांचा पुडा. ती संचितासमोर बसली, पुडा पुढे सरकवला.

“आधी तोंड गोड कर,” ती म्हणाली.

घड्याळ तिच्याच मनगटावर होतं.