माप घेणाऱ्याची सही

आमची शाळा पडेगावला, दौलताबाद रस्त्यापासून थोडी आत. अठ्ठावीस मुलं. त्यांतल्या अकरा जणांना आधाराशिवाय बसता येत नाही. मी इथं फिजिओथेरपिस्ट आहे. बाजारातल्या खुर्च्या ठरावीक मापात मिळतात, पण मुलं ठरावीक मापाची नसतात. म्हणून आमच्या खुर्च्या शफीचाचा करतात. वाळूजच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये त्यांची तीस वर्षं गेली. निवृत्तीनंतर ते रोज दहाला येतात आणि मागच्या शेडमध्ये प्लायवूड, पाइप, जुने सीटबेल्ट घेऊन बसतात.

दोन वर्षांपूर्वी देणगीत आलेली एक खुर्ची कलंडली आणि एका मुलाच्या हनुवटीला तीन टाके पडले. संस्थेचे सचिव नानासाहेब तेव्हा म्हणाले, "उद्या याहून वाईट झालं तर जबाबदार कोण?" प्रश्न बरोबर होता. मी वही सुरू केली. प्रत्येक खुर्चीला एक पान, खाली दोन सह्या: माप घेणाऱ्याची, म्हणजे माझी, आणि बनवणाऱ्याची. चाचा मुलाच्या वजनाच्या तिप्पट वाळू पोत्यात भरून खुर्चीवर दोन दिवस ठेवायचे. सही त्यानंतर.

गेल्या नोव्हेंबरात अरफाची खुर्ची करायला घेतली. सात वर्षांची मुलगी, हसली की सगळं अंग ताणून हसते. गुडघ्यामागच्या खाचेपासून टाचेपर्यंत एकोणतीस सेंटिमीटर. मी दोनदा मोजलं होतं.

खुर्ची आली तेव्हा पाय ठेवायची फळी पंचवीसवर होती.

चाचा वरमले. "उमर झाली आता, मॅडम," असं म्हणून खुर्ची परत घेऊन गेले. तिसऱ्या दिवशी आणली. पुन्हा पंचवीस. मग मीच शेडमध्ये गेले. टेप मी धरली, खूण मी केली, एकोणतीसवर भोक पाडलं, बोल्ट आवळला. चाचा नळावर हात धुऊन आले, मी तोवर तिथंच उभी होते. त्यांनी सवयीनं टेप लावली आणि तशीच धरून ठेवली.

पंचवीस.

पाइपला भोक एकच होतं. दुसऱ्या भोकाची खूणसुद्धा नव्हती.

"आन् हा पट्टा तुम्ही सांगितला व्हता?" त्यांनी विचारलं. पाठीच्या डाव्या बाजूला बगलेखालून घ्यायचा एक रुंद पट्टा रिव्हेट मारून बसवलेला होता. अरफा कुठंच कलत नाही. मी सांगितला नव्हता.

"तुम्ही नाही बसवला?"

"काम माझ्याच हातचं दिसतंय," चाचा म्हणाले. "पण मला याद नाय."

तीन डिसेंबरला दिव्यांग दिनाला पाहुणे यायचे होते. नानासाहेबांना नव्या खुर्चीत बसलेल्या अरफाचा फोटो हवा होता. "दहा मिनिटांचा तर प्रश्न आहे. फोटोपुरतं बसवा."

"बसवणार नाही," मी म्हणाले. "गुडघे वर येतात, कंबर मागं ढकलली जाते."

"मग वहीत सही करू नका. जबाबदारी माझी."

"सायब, दहा मिनटात पाय वाकडा व्हत नाय," चाचा म्हणाले. "पण लेकरू रडंल, आन् खुर्ची म्हणलं की भिईल. त्याची सही कोन करनार?"

नानासाहेब उठून गेले. पुढं दोन महिने ते आमच्या दोघांशी कामापुरतंच बोलले. चाचांनी अरफासाठी नव्या पाइपाची दुसरी खुर्ची केली. ती पहिल्याच फटक्यात मापात आली. पहिली मोडायला ते दोनदा पाना घेऊन बसले आणि दोनदा उठले. शेवटी ती माझ्या खोलीच्या कोपऱ्यात ठेवली. वहीतलं तिचं पान कोरंच राहिलं.

फेब्रुवारीत गीताबाई नावाची एक बाई नातीला कडेवर घेऊन आली. ओवी, वय साडेचार. तिला आतापर्यंत भिंतीला टेकवून, उशा लावून बसवत होते.

"आमच्या घरी बसायचं म्हंजी पडायचंच," गीताबाई म्हणाली. "म्हनून ती खातानाबी माझ्याच मांडीवर."

मी माप घेतलं. खाचेपासून टाचेपर्यंत पंचवीस. पाठ डावीकडं कलत होती.

मी चाचांना बोलावलं. कोपऱ्यातल्या खुर्चीवर वाळूची पोती ठेवली आणि दोन दिवसांनी ओवीला त्या खुर्चीत बसवलं. एकही बोल्ट हलवावा लागला नाही. पट्टा बगलेखालून बरोबर आला. ओवीनं मान वर केली आणि समोर पाहिलं. असं बसून तिनं कधी काही पाहिलंच नव्हतं. गीताबाईनं पुढं केलेलं बिस्किट तिनं आपल्या हातानं घेतलं. चाचा पाठ फिरवून खिडकीशी जाऊन उभे राहिले.

त्या दिवशी आम्ही दोघांनी वहीत सह्या केल्या. तारखेच्या रकान्याशी माझं पेन थांबलं. खुर्ची नोव्हेंबरातली होती. आमची शाळा आहे हेच गीताबाईला जानेवारीत कळलं होतं.

काम चालू राहिलं.

जुलैत सार्थकची खुर्ची होती. वय नऊ, माप तेहतीस. चौथ्या दिवशी दुपारी चाचांनी मला शेडमध्ये बोलावलं. मी गेले तेव्हा ते स्टुलावर बसले होते. खुर्ची मध्ये उभी होती.

ती मोठी होती.

"एक्केचाळीस," चाचा म्हणाले. "या येळेस दुरुस्त करायला गेलोच नाय."

आमच्या शाळेतलं सगळ्यात उंच मूल छत्तीसचं आहे. मी तसं म्हणाले. चाचा माझ्याकडं बघत नव्हते.

मी चाळीस वर्षांची आहे. गेल्याच महिन्यात सगळ्या तपासण्या केल्या होत्या, सगळ्या ठीक होत्या.

मी बसले.

तळवे फळीवर सपाट टेकले. कोपरं खुर्चीच्या हातांवर बरोबर आली. पट्टा उजव्या बाजूला होता.

"उठा," चाचा म्हणाले. मग वेगळ्या आवाजात, "नाय, थांब बेटा."

ते गुडघ्यांवर बसले. पट्टा माझ्या बगलेखालून घेतला, आणि काचतो का ते बघायला त्याच्या आत दोन बोटं सरकवली.

"टोचत नाय ना?"

"नाही."

त्यांनी पट्टा सोडला. मी उठायला गेले. उजवा हात मला डाव्या हातानं उचलून घ्यावा लागला.