कपाटामागचा कापडचोर

"मास्तर, संध्याकाळपर्यंत ते हरवलेलं कापड सापडलं नाही, तर उद्यापासून येऊ नका!" मामा गरजला.

शिवणाच्या दुकानातल्या सगळ्या मशीन थबकल्या. वीस वर्षं इथे कापड बेतणारे मास्तर मान खाली घालून उभे.

सुट्टीत मामाकडे आलेल्या टिचकीला ते बघवेना. "ढब्बू, चल! चोर पकडायचा!"

"आधी काहीतरी खाऊ या का?" मामेभाऊ म्हणाला.

"तुझ्या पोटाला सुट्टी नसते का रे?"

मशीनखाली बघितलं, चिंध्यांची पोती उपसली. शेवटी इस्त्रीच्या टेबलावरच्या घोंगडीखाली ढब्बूच्या हाताला काहीतरी लागलं. चार तुकडे! सगळे वाकडेतिकडे कापलेले!

"म्हणजे मास्तरांनीच..."

टिचकीने त्याचं तोंड दाबलं. "चोर माल इथेच ठेवतो होय, अकलेच्या कांद्या? बिघडलेलं काम लपवलंय त्यांनी. मी नव्हता गणिताचा पेपर गादीखाली लपवला? जेवण जात नव्हतं मला!"

पण इतका मुरलेला कारागीर चुकला कसा?

मास्तर जेवायला गेले, तशी ती त्यांच्या टेबलापाशी बसली. कापडावर खडूने रेघ मारली. रेघ दिसेचना! मामाने महिन्यापूर्वी आणलेलं उंच कपाट खिडकी अडवून उभं होतं, टेबलावर उजेडच पडत नव्हता.

मास्तरांना दिसत नाही, असं चारचौघांत म्हटलं असतं, तर म्हातारा लाजेने मेला असता. टिचकीने वेगळाच डाव टाकला.

"मामा, पैज! या टेबलावर एक बाही कापून दाखव!"

"डाव्या हाताने कापीन!" मामाने कात्री चालवली. बाही उचलली, तर हत्तीचा कान! दुकान खो खो हसलं.

काजं करत बसलेल्या आजीने सुई खाली ठेवली. "खिडकी बुजवलीस तू, आणि चोर ठरवतोस मास्तरांना? थोडी तरी लाज!"

जेवून परतलेले मास्तर दारातच उभे होते. त्यांनी स्वतःच ते तुकडे काढून समोर ठेवले. "माझेच आहेत. सांगायला जीभ रेटेना."

"चुकलो मास्तर," मामा पुटपुटला आणि ढब्बूला घेऊन कपाट ढकलू लागला. टेबलावर लख्ख ऊन पडलं!

मास्तरांनी गळ्यातली टेप काढली. "ये पोरी, माप दे. तुझा फ्रॉक मी बेतणार!"

"गुणाची गं माझी नात!" आजी म्हणाली. मग मामाकडे वळली. "आणि तू रे, ती बाही फेकू नकोस. तुझ्या कपाटावरच टांग!"