एकशे सत्याऐंशीवा शॉट

विश्वास ठेवायचा की नाही ते तुम्ही ठरवा. यातला एकही शब्द माझ्या पदरचा नाही. हे माझ्या वहिनीच्या बाबतीत घडलं. बांग सोयुल तिचं नाव.

गेल्या फेब्रुवारीतली गोष्ट. सोल शहरातला मांगवन भाग, तळघरातली एडिटिंग रूम.

भर दुपारचे तीन.

वहिनी गाण्यांचे व्हिडिओ कापायची. बारा वर्षांचा हात. कुठला शॉट किती फ्रेमचा, कट तालावर पडला की किंचित आधी, हे ती नुसतं बघून सांगायची.

त्या दिवशी पाच मुलींच्या ग्रुपचं गाणं समोर होतं. ग्रुपच्या कंपनीचा मॅनेजर ग्वाक मागे सोफ्यावर बसून किम्बाप, म्हणजे भाताचे रोल, खात होता.

"ती मधली काढून टाका. येबोम. सगळीकडून."

"अहो, एकसष्ट शॉटमध्ये आहे ती! मधोमध नाचतेय."

"होती. डिसेंबरात गेली."

"ग्रुप सोडून?"

"वर गेली. बाहेर मात्र ग्रुप सोडला असंच सांगितलंय." त्याने बोटं चाटली. "वजन आवरत नव्हतं. मग भूक लागली की ओला टिश्यू पेपर गिळायची. मीच शिकवलं होतं तिला."

आणि तो हसला.

वहिनीला शिसारी आली. तरी तिने काम केलं. येबोमच्या चेहऱ्याच्या जागी दुसरीचा चेहरा. लांबच्या शॉटमधून येबोम पुसून टाकली. एकूण शॉट तेवढेच राहायला हवे होते... एकशे शहाऐंशी.

तिने मोजले.

एकशे सत्याऐंशी.

पुन्हा मोजले. एकशे सत्याऐंशी.

ब्याण्णवाव्या शॉटनंतर, अर्धा सेकंद...

नुसतं एक तोंड.

चघळणारं. ओठांवर पांढरा लगदा, हनुवटीपर्यंत लाळेची तार.

असलं काही कुणी शूट केलंच नव्हतं.

तिने तो शॉट उडवला. गाणं पुन्हा लावलं.

तोंड परत आलं. आता पूर्ण एक सेकंद.

तिने आवाज बंद केला. तरीही...

चप्... चप्... चप्...

खोलीत ओकारीचा आंबूस वास पसरला.

"ग्वाकसाहेब, हे बघा जरा."

"काय बघू? चौघीच दिसताहेत. झकास!"

बोलता बोलता त्याला ठसका लागला. त्याने तोंडात बोट घातलं. काहीतरी ओढलं...

ओला, पांढरा कागद.

वीतभर. हातभर. संपेचना.

त्याने तो गोळा किम्बापच्या डब्यात टाकला, बोट पँटला पुसलं आणि म्हणाला, "आवाज वाढवा की."

जणू काही झालंच नव्हतं!

वहिनी बेसिनकडे धावली. भडाभडा ओकली.

मग परत येऊन बसली आणि एकेक करून येबोमचे एकसष्टही शॉट पुन्हा होते तसे लावले.

चघळणं थांबलं.

"पाठवीन तर हेच," ती म्हणाली. "नको असेल, तर माझं नाव काढा."

"वेड लागलंय का तुम्हाला?"

"लागू दे. ती पोर इथून हलणार नाही."

त्यांनी तिचं नाव काढलं. दुसऱ्या कुणाकडून तरी कापून घेतलं. व्हिडिओ चौघींचाच बाहेर आला. वहिनीने तो आजतागायत पाहिलेला नाही.

मी पाहिला. एकदाच.

उन्हाळ्यात कंपनीने येबोमच्या जागी नवी मुलगी आणली. मधोमध उभी केली.

दोन दिवसांत ती निघून गेली.

का, ते ती सांगत नाही. तिची आई म्हणते, पोर दिवसातून वीस वेळा चूळ भरते...

आणि तरी म्हणते, तोंडात काहीतरी राहिलंय.