मोरदऱ्यातलं पाणी

सीताफळांचे दहा क्रेट दिवस मावळायच्या आत मोरदऱ्यातून वर काढायचे, एवढ्यासाठी वनमाला, तिचा दीर सिदू आणि डोंगराची जाणती छबुआत्या आष्टीकडच्या त्या दरीत उतरले होते. सीताफळाचा गर काढणाऱ्या बचत गटाची जीप आज शेवटची येणार होती. माल तिला मिळाला, तर यंदा वनमालाला नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जावं लागणार नव्हतं. न मिळाला, तर परवा मुकादमाचा ट्रक दारात!

शेंड्याची फळं पाखरांसाठी ठेवायची, हा गटाचा नियम. पण इथं पिकून पडलेली फळंही झाडाखाली तशीच फुटून गेली होती. ना खारीनं शिवलं, ना वानरानं. एरवी मोरांच्या ओरडण्यानं कान किटायचे. आज दरा मुका होता.

"लई शांत हाय गं," आत्या पुटपुटली. "बरं न्हाई हे."

दुपारपर्यंत नऊ क्रेट भरले. दऱ्यातल्या एकुलत्या एक डोहापाशी येताच सिदू तहानेनं ओणवा झाला. त्यानं ओंजळ भरली, ओठांशी नेली...

पाण्यावर एकही पाणकिडा नव्हता!

"सिदूऽऽ!" वनमालानं झेप घेतली. हातावर फटका मारला. पाणी उडालं. फवारणीच्या औषधाचा उग्र दर्प पसरला.

"कावून मारलं, वैनी?"

आत्यानं पलीकडच्या कपारीकडे बोट केलं. लांडोर मरून पडली होती. शेजारी तिची दोन पिल्लं.

"शिकाऱ्यांनी इख कालवलंय. सांजच्याला समदी जनावरं हितंच येत्यात."

मोबाइलला रेंज नव्हती. वर जाऊन माणसं आणेपर्यंत अंधार पडला असता. वनमालानं भरल्या क्रेटांकडे पाहिलं. ते वर न्यायचे, तर डोह उघडाच राहणार होता. मग तिनं कमरेचा कोयता उपसला.

सपासप बोरीच्या फांद्या तुटल्या. हात रक्ताळले. सिदूनं त्या ओढून डोह झाकला. आत्या ओढ्याच्या वरच्या अंगाला वाळू उकरत होती. वीतभर. हातभर. कोरडंच! दीड हातावर वाळू ओली लागली आणि झिरा पाझरला.

इतक्यात वरून हॉर्न वाजला. एकदा. दोनदा. मग जीप निघून गेल्याचा आवाज आला. वनमाला पदरात तोंड घालून रडली.

तिघं घाणेरीच्या जाळीत दबून बसले. दिवस बुडता बुडता एक मोर खाली उतरला. काट्यांपाशी थबकला, फिरला, झिऱ्याशी आला आणि मान वाकवून पोटभर पाणी प्याला.

तो उडून गेल्यावर वनमालानं डोळे पुसले आणि धार गेलेला कोयता दगडावर घासायला घेतला.

"आता कशाला, वैनी?"

"परवा ऊसतोडीला जायचंय," ती म्हणाली.